तरफा नॉर्वेतही वाजतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतल्या 'मन शांत करणारे संगीत' या यादीत केल्टिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या) आणि नॉर्डिक (नॉर्वे-स्वीडनकडच्या) लोकसंगीताला एक ओळ मिळाली: डोळे मिटून ऐकावे, झोप चांगली लागते. दोष लिहिणाऱ्याचा नाही. मोबाइलवर 'केल्टिक' शोधले की तासन्‌तास चालणाऱ्या याद्या समोर येतात. सिंथेसायझरचे धुके, मागे पाऊस, वादकाचे नाव कुठेच नाही. ते ऐकून खरोखरच झोप लागते. आयर्लंड, स्कॉटलंड, नॉर्वे, स्वीडनमधले वादक गेली पन्नासेक वर्षे जे अल्बम काढत आहेत, त्यांत मात्र झोपायला सवड नसते. आणि तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या श्रोत्याला त्यातले बरेचसे आधीच ओळखीचे असते.

नॉर्वेचे हार्डांगर फिडल, म्हणजे तिकडचे व्हायोलिन, घ्या. गजाने वाजतात त्या चार तारा. त्यांच्या खालून आणखी चार-पाच तारा जातात, त्यांना गज कधीच लागत नाही. वरचा स्वर लागला की त्या आपोआप झणकारतात. सारंगी किंवा सतार ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, या तरफाच. पाच तरफा असलेले वाद्य नेहमीच्या पद्धतीने लावले आणि डी या पाश्चात्त्य स्वराला षड्ज मानले, तर तरफा लागतात ध सा रे ग प अशा. म्हणजे भूपाचे पाच स्वर. (यावरून 'हे आपल्याकडूनच तिकडे गेले' असे कृपया कोणी लिहू नये.) घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) साध्या व्हायोलिनपेक्षा सपाट असल्याने गज बहुधा दोन तारांवर एकदम फिरतो, एकीवर धून, दुसरीवर आस, म्हणजे सतत चालू राहणारा आधारस्वर. वाद्य लावायच्या तऱ्हा वीसहून अधिक आहेत आणि तऱ्हा बदलली की वाद्याचा रंगच बदलतो.

स्वीडनच्या निकेलहार्पाला तारा सोळा: तीन धुनेच्या, एक आसेची, बारा तरफेच्या. डाव्या हाताची बोटे तारेवर पडत नाहीत, लाकडी पट्ट्या दाबतात. त्या पट्ट्यांची बारीक खडखड रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. फाइल खराब आहे असे समजून ती पुन्हा डाउनलोड करू नये. वेसेन या गटाचे अल्बम या वाद्यासाठी ऐकावेत. त्यांतल्या बहुतेकांत सोबत व्हियोला (व्हायोलिनचे थोडे मोठे भावंड) आणि बारा तारांची गिटार असल्याने निकेलहार्पाचा आवाज नेमका कोणता, हे दोनतीनदा ऐकल्यावर सुटे होते.

आयर्लंडचे उलियन पाइप्स आणि २६ जानेवारीच्या संचलनातली बॅगपाइप ही दोन वेगळी वाद्ये आहेत. संचलनातली तोंडाने फुंकतात, तिचे स्वर नऊ. उलियनमध्ये हवा कोपराखालच्या भात्याने भरतात आणि त्यावर दोन सप्तके मिळतात. पाइप्समध्ये हवा अखंड वाहते, जिभेने स्वर तोडता येत नाही. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये क्षणभर दुसरे बोट उचलून किंवा टेकवून. आयरिश संगीतातले खटके या गरजेशी घट्ट जोडलेले आहेत, आणि फिडल-बासरीवालेही ते तसेच घेतात. ती नुसती सजावट समजली, तर अर्धे संगीत हातून निसटते.

तालाचे म्हणाल तर आयरिश नाचाच्या धुनांपैकी जिग सोपी: तीन-तीनच्या सहा मात्रा, दादऱ्याच्या चालीने मोजता येते. स्लिप जिग नऊ मात्रांची, रील कहरव्याच्या अंगाची. धुनेचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग बहुधा दोनदा वाजतो. एक पूर्ण फेरी नाचाच्या लयीत साधारण ३५ सेकंदांची. तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी धून सुरू होते. म्हणून घड्याळ पावणेदोन मिनिटांच्या आसपास आले की कान टवकारावेत. स्वर बदलतो, अंगावर काटा येतो तो तिथेच. नॉर्वेच्या स्प्रिंगार नाचात मात्र हे गणित मोडते. मात्रा तीन, पण सारख्या नाहीत. टेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्द्रेस खोऱ्यात पहिली आखूड, दुसरी लांब. टाळी धरून बसलेला माणूस चौथ्या आवर्तनापर्यंत चुकतोच. टाळी सोडावी आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारा वादकाचा पाय धरावा.

'हजारो वर्षांची परंपरा' या शब्दांपासूनही सावध राहावे. धुना जुन्या असतील, साथ मात्र नवी आहे. बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आयर्लंडमध्ये आले ते १९६० च्या दशकात. गिटारच्या तारा सा प सा म प सा अशा लावायची पद्धतही त्याच काळातली. त्यात गंधारच नाही, त्यामुळे शुद्ध की कोमल हे धुनेवरच सोडलेले राहते. बोधरान हा बकऱ्याच्या कातड्याचा डफ. आपल्याकडे हलगी शेकून ताणतात, तिकडचा वादक कोरड्या हवेत कातडे ओले करून सैल करतो.

घरी ऐकताना बहुतेक वेळा बिघडते ते यंत्राच्या सेटिंगमध्ये. गाणे गाण्यात मिसळणारे क्रॉसफेड बंद करावे. नाहीतर संथ धुनेच्या शेवटी विरत जाणारी तरफेची झणकार पुढच्या गाण्याखाली गाडली जाते. शफल बंद, बेस बूस्टही बंद. उलियनचा सर्वांत खालचा ड्रोन, म्हणजे आसेचा स्वर, सेकंदाला सुमारे ७३ कंपनांचा असतो, तो मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. मे महिन्यात कूलरची घरघरही हाच खर्ज गिळते. तेव्हा कान झाकणारे, तारेचे हेडफोन लावावेत किंवा कूलर सुरू होण्याआधीची सकाळ गाठावी. बँडकॅम्प या संकेतस्थळावरून अल्बम विकत घेता येतो. ४५ मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये १०८ एमबीच्या आसपास भरतो, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाइलमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट. पैसे जात नसतील तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरचा परदेशी व्यवहार चालू आहे का ते पाहावे. नव्या कार्डांवर तो मुळात बंदच येतो.

सुरुवात आयरिश संगीत वाजवणाऱ्या द ग्लोमिंग या गटाच्या २०१४ च्या पहिल्या अल्बमने करावी. त्यात एकापाठोपाठ वाजणाऱ्या धुनांचा सोळा मिनिटांहून लांब एक संच आहे. गाण्यापासून द्रुतापर्यंतची त्याची बढत ख्यालाच्या श्रोत्याला परकी वाटणार नाही. त्यातला एक वादक हार्डांगर घराण्यातलेच दहा तारांचे वाद्य वाजवतो, त्यामुळे आयर्लंड आणि नॉर्वे एकाच ठिकाणी भेटतात. मग डेन्मार्कच्या डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट या चार वादकांच्या गटाचे 'वूड वर्क्स' (२०१४) आणि 'लास्ट लीफ' (२०१७). स्कॉटलंडची गायिका ज्युली फाउलिस हिचे अल्बम तोंडाने 'वाजवलेल्या' नाचाच्या धुनांसाठी ऐकावेत. बोल बहुतांशी लयीसाठीच असतात, तराण्यासारखे. आयर्लंडच्या लँकम या गटाचा 'फॉल्स लँकम' (२०२३) शेवटी ठेवावा. त्यातला ड्रोन काही ठिकाणी अंगावर येतो आणि तो तसाच यावा अशी त्यांची इच्छा दिसते.

यादी पुन्हा छापणार असाल तर प्रत्येक अल्बमपुढे वादक आणि वाद्य यांची नावे द्यावीत, एवढीच विनंती. आणि सोबतचे शिंगांच्या शिरस्त्राणाचे चित्र काढून टाकावे. व्हायकिंग लढवय्ये तसले काही घालत नव्हते. ती शिंगे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराच्या कपडेपटातून आली आहेत.

आपला,
एक वाचक
धरमपेठ, नागपूर