गाडी पलटी झाली, पण कोण कुठे बसलं होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाडी पलटी झाल्याची बातमी ठरलेल्या साच्यातच येते. ताबा सुटला, गाडीने दोन-तीन कोलांट्या खाल्ल्या, एवढे गेले, एवढे जखमी, आणि शेवटी "एकजण सुदैवाने बचावला". मी बावीस वर्षं डेंटिंगचं काम करतोय, आणि ते सुदैव वाचलं की खरंच चिडचिड होते हो, कारण तीच गाडी आमच्याकडे टो होऊन येते तेव्हा कोण का वाचलं हे निम्मं तरी पत्रा बघून कळतं.

मागच्या वर्षी एक गाडी आली. टपाच्या एका कडेला नुसते लांबलचक ओरखडे, माती भरलेली, त्या बाजूचा दरवाजा तर हाताने उघडला. दुसऱ्या बाजूला टप थेट पुढच्या सीटच्या हेडरेस्टला टेकलेलं. घेऊन येणारे म्हणाले ड्रायव्हरला काही झालं नाही, शेजारच्याच्या मानेचं ऑपरेशन झालं, आणि वर म्हणाले की आश्चर्य बघा, गाडी तर ड्रायव्हरच्या बाजूला पडली होती. लोकांना हेच उलटं वाटतं. ज्या बाजूला पलटी झाली त्या बाजूचा माणूस चिरडला जाणार असंच सगळे धरून चालतात.

आता समजा गाडी डावीकडे पलटी होतेय. डावी बाजू आधी खाली जाते, टपाची डावी कड जमिनीला लागते पण बऱ्याचदा नुसती घासून जाते, कारण गाडी अजून वेगात फिरत असते, थोडी हवेतही असते. मग चाकं वर होतात आणि टपाची उजवी कड येऊन आदळते, आणि तोवर अख्खी गाडी वजनासकट खाली यायला लागलेली असते. म्हणून जास्त करून लांबच्या बाजूचं टप दबतं आणि तिथे बसलेल्याचं डोकं नि मान सापडते. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, किती कोलांट्या झाल्या, खाली काय होतं, दगड की चिखल, त्यावरही आहे. पण मी जेवढ्या गाड्या बघितल्या त्यात बहुतेक वेळा हेच, आणि नंतर नेटवर वाचलं तर अभ्यास करणाऱ्यांनाही लांबच्या बाजूलाच डोक्या-मानेच्या जखमा जास्त सापडल्यात.

मग जवळच्या बाजूचा माणूस सुखरूप का, तर बेल्ट असेल तरच. पलटी सुरू होताना सगळे त्याच बाजूला फेकले जातात, तो खिडकीवर जातो, आणि बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन केलेल्या असतात, पहिल्या दणक्यात त्यांचे दाणे होतात. म्हणजे तिथे आता नुसतं भोक. बेल्ट नसलेला माणूस त्यातून बाहेर जातो, कधी नुसता हात, कधी डोकं जातं आणि त्याच वेळी गाडी त्याच बाजूवर येते. अमेरिकेतल्या जीवघेण्या अपघातांच्या नोंदीत जे पूर्ण बाहेर फेकले गेले त्यांच्यातले चारात तीन किंवा त्याहून जास्त मेलेले आहेत. तिथे पलटी अपघात एकूण अपघातांत 3 टक्क्यांच्या आसपास, पण गाडीत बसून मेलेल्यांमध्ये त्यांचा वाटा बरीच वर्षं जवळपास एक तृतीयांश राहिलाय. कशामुळे ते यावरून समजा.

बेल्ट लावला होता की नव्हता हेही आम्हाला दिसतं बरं का. जोराचा झटका बसलेला बेल्ट ओढून बघा, जिथून तो पिलरवरच्या कडीतून जातो तिथे पट्टी चकचकीत झालेली असते, बकलच्या जिभेवर प्लास्टिक घासल्याची खूण असते. न लावलेला बेल्ट कोरा असतो. कितीतरी वेळा मालक सांगतो सगळ्यांनी लावले होते आणि मागचे तिन्ही बेल्ट शोरूममधून आल्यासारखे. मी काही बोलत नाही, अपघात झालेल्या माणसाशी काय वाद घालायचा.

पण बेल्ट लावला म्हणजे डोकं टपाला लागणारच नाही असंही नाही. गाडी उलटी झाली की अंग बेल्टमध्ये लोंबकळतं, पट्टीतली ढील आणि सीटचा फोम मिळून काही इंच खाली येतं, म्हणजे टपाच्या दिशेने. त्यात माणूस उंच असला तर डोकं आणि टप यांच्यात बोटभरच जागा. यावर मोठा वाद पण झालाय, जनरल मोटर्सने 1980 च्या दशकात मालिबू गाड्या मुद्दाम पलटी करून बघितल्या, काही साध्या आणि काही आतून पिंजरा बसवून टप मजबूत केलेल्या, आणि त्यांचं म्हणणं पडलं की टप डोक्यावर येत नाही, डोकंच टपावर जाऊन आपटतं, तेव्हा टप मजबूत करून मानेला फार फायदा नाही. मला हे कंपनीच्या सोयीचं वाटतं. नंतर आयआयएचएस नावाच्या, विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकी संस्थेने खऱ्या अपघातांचे आकडे लावून बघितले, तर ज्या गाडीचं टप गाडीच्या वजनाच्या 4 पट दाब सोसतं तिच्यात गंभीर जखमेचा किंवा मरणाचा धोका दीडपटवालीपेक्षा निम्म्याच्या आसपास निघाला. आणि तिथला सरकारी नियम 1970 च्या दशकापासून दीडपटीवरच अडकून होता, 2009 मध्ये तो हलक्या गाड्यांसाठी 3 पट केला. त्या टेस्टमध्ये लोखंडी प्लेट टपाच्या पुढच्या कडेवर तिरपी दाबतात, म्हणजे ती मुख्य करून पुढच्या दोन सीटची परीक्षा झाली, मागे बसलेल्याच्या डोक्यावर काय येईल ते त्यातून थेट कळत नाही.

मागच्या सीटचं म्हणाल तर लोक तिला घरातला सोफा समजतात. समोरून धडक झाली तर मागे बसणं बरं असा जुना समज आहे, लहान मुलांसाठी तो अजूनही बरोबर आहे, पण पलटीत मागे विनाबेल्ट बसलेला माणूस म्हणजे डब्यातला सुटा खडा. तो स्वतः तर मार खातोच, वर बेल्ट लावलेल्या पुढच्यावर जाऊन पडतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवर 2002 साली लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकात एक अभ्यास आला होता, सगळ्या प्रकारचे अपघात धरून, त्यात मागचे लोक विनाबेल्ट असतील तर पुढच्या बेल्टवाल्यांचा मरण्याचा धोका जवळपास पाचपट निघाला. मधल्या सीटवर बसणारा तर बेल्ट शोधतही नाही, तो सीटच्या फटीत कुठेतरी गेलेला असतो. खिडकी लांब म्हणून मधली सीट चांगली असं मीही पूर्वी सांगायचो, आता सांगताना आधी विचारतो की तिथे तीन पॉइंटवाला बेल्ट आहे का नुसता कमरेचा.

कोण कुठे बसलंय यावरून गाडी पलटी होईल का हेही ठरतं, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. हिशोब सोपा आहे, दोन चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या कारला हा आकडा 1.3 ते 1.5 येतो, उंच एसयूव्हीला 1.0 ते 1.3, जेवढा कमी तेवढी पलटी व्हायला सोपी. माणसं आणि सामान वर चढवलं की गुरुत्वमध्य वर जातो. 2001 मध्ये एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने 15 सीटच्या व्हॅनबद्दल इशारा दिला होता की 10 किंवा जास्त माणसं बसली की एकट्या गाडीच्या अपघातात पलटीचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं, आणि व्हॅन भरलेली नसेल तर सगळ्यांनी मागच्या ॲक्सलच्या पुढच्या सीटवर बसावं. आपण काय करतो, पोरांना मजा म्हणून एकदम शेवटच्या सीटवर पाठवतो आणि बॅगा टपावर बांधतो. बाकी रस्त्याचं म्हणाल तर गाडी सपाट डांबरावर नुसती वळवली म्हणून सहसा पलटी होत नाही, ती साईडपट्टीच्या मातीत चाक रुतून किंवा दुभाजकाला अडखळून होते, एकट्या गाडीच्या पलटीत 95 टक्के अशाच असतात.

मी स्वतः एकदाच उलटा लटकलोय. पुढे बाजूला बसलो होतो, बेल्ट होता. आवाज थांबल्यावर आधी कळेचना की काय झालंय, समोरच्या कप्प्यातली नाणी, पेन, पाण्याची बाटली सगळं टपावर पडलेलं आणि मला वाटतंय ते वर आहे. घाबरून बकल दाबलं आणि सरळ डोक्यावर पडलो. अपघातात काही लागलं नव्हतं, कपाळाला टाके पडले ते बेल्ट काढताना. आधी एक हात टपाला रेटून, पाय नीट अडकवून मगच बकल दाबायचं असतं, हे मला नंतर एका ॲम्ब्युलन्सवाल्याने सांगितलं.

तर माझी विनंती एवढीच की तुमच्या बातमीदारांना तीन गोष्टी विचारायला सांगा, गाडी कोणत्या बाजूला पलटी झाली, कोण कोणत्या सीटवर होतं आणि कोणाचा बेल्ट लागलेला होता. पोलिसांच्या पंचनाम्यात नसेल तर गाडी जिथे नेलीय त्या गॅरेजला फोन करा, टप कुठून दबलंय ते कोणीही डेंटर दोन मिनिटांत सांगेल. ते छापून आलं की सुदैवाने वगैरे लिहायची गरज पडणार नाही.

आपला,
एक डेंटिंगवाला वाचक