साखरप्याच्या वायरिंगवाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

जुलैतली ती संध्याकाळ तुमच्या लक्षात आहे की नाही, ठाऊक नाही. आम्ही रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. शेजारी बाबा होते आणि आंबा घाट लागायच्या आधीच वायपर बंद पडले. काचेवर नुसतं पाणी. तुम्ही दुकानाचं शटर ओढत होतात, ते आम्हाला पाहून पुन्हा वर केलंत.

मी म्हणालो, फ्यूज गेला असेल तर तार गुंडाळून द्या, घाट तेवढा पार होऊ दे. तुम्ही ऐकलं नाहीत. "फ्यूज जळला म्हणून वायर वाचली. तार घातलीत तर वायर जळेल, तीही डॅशबोर्डच्या आत." त्या वेळी मला राग आला होता. आज त्या नकारासाठीच हे पत्र लिहितोय.

फ्यूज बॉक्स कुठे असतो हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. स्टिअरिंगखालचं झाकण काढून तुम्ही ते उलटं बाबांच्या हातात दिलंत. कुठला फ्यूज कशाचा, ते सगळं आतल्या बाजूला छापलेलं होतं. दुसरा बॉक्स बॉनेटमध्ये, बॅटरीशेजारी. मोठे फ्यूज आणि रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे त्याचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, तिकडे. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून टोक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन बारीक ठिपक्यांना टेकवलंत. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज शाबूत, एकीकडेच लागला तर उडालेला, कुठेच लागला नाही तर करंटच येत नाही. इतकी साधी गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणी दाखवली नव्हती.

नवा पिवळा, वीस अँपिअरचा फ्यूज घातलात, वायपरचं बटण दाबलं आणि तोही गेला. दुसऱ्या कुणी तिथे तीसचा हिरवा घालून आमची बोळवण केली असती. तुम्ही भर पावसात बॉनेट उघडलंत, बाबांनी टॉर्च धरला, आणि वायपर मोटारकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडलेली सापडली. ओली होऊन ती बॉडीला टेकत होती. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून तुम्ही वायर सांधलीत, वर नळी चढवलीत, ती कडेपासून लांब बांधलीत. पाऊण तास गेला. पैसे मात्र दोन फ्यूजचेच घेतलेत, वर एक लाल, एक निळा आणि एक पिवळा हातावर ठेवलात.

काका, आता दरवर्षी मृगाच्या आधी मी दोन्ही झाकणं उघडतो. बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुतो, कोरडं झालं की व्हॅसलीन लावतो. अर्थची वायर बॉडीला जिथे बसते तो नट गंजलाय का पाहतो. झाकणावरचा नकाशा मराठीत लिहून डिकीत चिकटवलाय, मुलीलाही वाचता येतो. परवा हॉर्न वाजेना, तर तिनेच शेजारचा त्याच नंबरचा रिले त्या जागी लावून पाहिला आणि दोष कुठे आहे ते मला सांगितलं.

गणपतीला रत्नागिरीला येताना साखरप्याला थांबणार आहोत. बाबांनी तुमच्यासाठी गुळाची भेली आत्ताच बाजूला काढून ठेवलीय. दुकान उघडं ठेवा.

तुमचा ऋणी,
वायपर बंद पडलेल्या गाडीवाला, कोल्हापूर