तात्या, तुमची तंगूस (गळाची दोरी) माझ्या पोराच्या बोटावर ठेवलीत त्याबद्दल

तात्या, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहितीये, पण तुमची नात वाचते आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितेय. निघताना तुमच्यासमोर मला काही धड बोलताच आलं नाही, एकीकडे गाडीची घाई, सासूबाई पोत्यात नारळ भरतायत, आणि मी तोंड उघडलं की रडायलाच येत होतं. डोंबिवलीला आल्यापासून रोज मनात तुमच्याशी बोलतेय, शेवटी म्हटलं लिहूनच टाकावं.

तुम्हाला आमच्या लेकाची आधीची गोष्ट अर्धीच माहितीये. त्याला मासे पकडायचं वेड लहानपणापासून, आणि त्यातही शिंगाळाच, म्हणजे तो मिशीवाला कॅटफिशच पाहिजे, कारण त्याच्या मिशा. म्हणून आम्ही एकदा पैसे भरून एका बोटवाल्याकडे गेलो होतो, ठिकाण सांगत नाही, नावही सांगत नाही. छान रॉड होते, लाइफ जॅकेट होती, सगळं होतं. शिंगाळा लागला तोही त्यांच्याच माणसाने ओढला, आणि फोटोसाठी म्हणून तो जिवंत, फडफडणारा मासा सरळ माझ्या पोराच्या हातात दिला. काटे कुठे असतात, कसा धरायचा, एक शब्द नाही. पाठीवरचा काटा अंगठ्यात खोल गेला. पोरगं किंचाळलं तर ते म्हणाले काही होत नाही, बर्फ लावा. बर्फाने ते थांबेना, हात मनगटापर्यंत सुजला. किनाऱ्यावर आल्यावर एका दवाखान्यात नेलं तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळी दिली, आणि वर मलाच ऐकवलं की मुलांना कशाला नेता असल्या ठिकाणी. गरम पाण्याचं कोणी नावसुद्धा काढलं नाही. त्या रात्री तो झोपला नाही आणि मीही नाही.

मला राग काट्याचा नाही आला तात्या. माशाला काटा असणारच. राग ह्याचा आला की ज्यांना माहिती होतं त्यांनी सांगितलं नाही, एवढी साधी गोष्ट, अर्ध्या मिनिटात सांगून झाली असती. त्यानंतर त्याने रॉड माळ्यावर टाकला. ताटात मासा वाढला तरी हात मागे घ्यायचा. मी त्याला समजावून समजावून थकले.

दिवाळीच्या सुट्टीत गावाला आलो तेव्हा तो नुसता खाडीवर जाऊन लांब बसायचा, तुम्ही जिथे गरी, म्हणजे गळ, टाकून गरवायला बसता त्या दगडापासून चांगला दूर. तुम्ही त्याला बोलावलं नाहीत. ये रे, बस रे, घाबरतोस काय, मुलगा ना तू, असलं काहीही म्हणाला नाहीत, जे घरातल्या प्रत्येकाने म्हणून झालं होतं. तुम्ही फक्त रोज थोडं मोठ्याने स्वतःशी बोलायला लागलात. आज पाणी गढूळ हा, बरां. शिंगाळ्याक डोळ्यांचा काय काम, तेका मिशी आसा. पोरगं ऐकत होतं. संध्याकाळी घरी येऊन मला सांगायचं, आई त्याच्या मिशांना चव कळते, अंगाला पण कळते, तो अंधारात तळाला चाचपत चाचपत खाणं शोधतो म्हणून आमिष तळालाच टेकलं पाहिजे. मग रोज थोडा थोडा जवळ सरकत गेला. आणि तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत, हे मी कांदळाच्या बाजूने बघत होते.

तुम्ही त्याला काय काय शिकवलंत ते तो मला पाठ म्हणून दाखवतो. कोळंबी ताजी असेल तर कवच थोडं चेपून लावायची म्हणजे वास पाण्यात सुटतो. ओहोटी संपून भरती लागली की पहिला तास-दीड तास सोडायचा नाही, तेव्हा शिंगाळा पाण्याबरोबर आत चरायला येतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ओढ जास्त म्हणून दोरीचं शीस (शिशाचं वजन) जड, आणि भांगाला, म्हणजे मधल्या दिवसांच्या लहान भरतीला, हलकं. होडीत पाय आपटायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या टोकरण्याला ओढायचं नाही. तो आधी चाखतो, सोडतो, परत घेतो, आणि मग एकदम चालायला लागतो, तेव्हाच हिसका. हे सगळं तो मला भाजी निवडताना, अंघोळीला जाताना, कधीही सांगत असतो.

पण मला लिहायचंय ते त्या एका संध्याकाळबद्दल.

तुम्ही तंगूस तर्जनीवर घेऊन बसला होतात आणि तो तुमच्या शेजारी, हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरून. मी पाठीमागे उभी होते. तुमचं बोट हललं. म्हणजे फार नाही, एवढंच की तुमचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. तिथे तुम्ही हिसका दिला असतात तर मासा तुमचा होता, आणि त्या दिवशी तुमच्या टोपलीत दोन-चार बारक्या मासळीशिवाय काही नव्हतं हे मी बघितलं होतं. तुम्ही काय केलंत, डाव्या हाताने अलगद त्याचा हात गुडघ्यातून सोडवलात, त्याची तर्जनी सरळ केलीत, आणि तुमच्या बोटावरची तंगूस उचलून त्याच्या बोटावर ठेवलीत. दोरी ढिली पडू दिली नाहीत, ओढूही दिली नाहीत. आणि मग तुमचा हात बाजूला घेतलात. पूर्ण बाजूला, स्वतःच्या मांडीवर. तुमच्या तर्जनीवर इतक्या वर्षांच्या दोरीने एक खाच पडलीय, पांढरट, ती मला तेव्हा दिसली.

तो कुजबुजला, तात्या टोकरतोय. तुम्ही म्हणालात, "चाखता हा तो. थांब." परत टोकरलं. "थांब." पोराने श्वास धरला होता, मीही धरला होता. मग दोरी एका बाजूला चालायला लागली आणि तुम्ही अगदी हळू म्हणालात, "आता इलो."

त्याने ओढला. त्याने, स्वतः. तुम्ही दोरीला बोट लावलं नाहीत, मासा कडेच्या दगडाखाली घुसायला बघत होता तरी लावलं नाहीत.

मासा वर आला आणि तो कुरकुर आवाज करायला लागला, शिंगाळा पाण्याबाहेर करतो तसा, आणि माझं पोरगं दोन पावलं मागे. मला वाटलं संपलं सगळं. तुम्ही घाई केली नाहीत. ओलं गोणपाट त्याच्यावर टाकलंत आणि एक एक काटा दाखवलात, पाठीवर एक, बाजूच्या परांना एक एक, असे तीन. तो ते उभे करून कुलूप लावल्यासारखे अडकवतो, जोर करून खाली दाबायला जायचं नाही, हेही तिथेच सांगितलंत. मग त्याचा हात पोटाच्या बाजूने खालून नेलात, बाजूच्या काट्यांच्या मागे बोटं, आणि म्हणालात, "भियाव नको. तो पण भियालो हा." पोराने धरला तात्या. ज्या हाताला काटा गेला होता त्याच हाताने धरला. घट्ट धरला आणि माझ्याकडे वळून बघितलं. तो चेहरा तुम्हाला पाठमोरा होता, म्हणून तुम्हाला सांगतेय, मला माझं हसरं पोरगं त्या दिवशी परत मिळालं.

मी पैसे पुढे केले तर तुम्ही रागावलात. "पैसे कसले वैनी, पोराक मासो गावलो ना." आणि मासाही आम्हालाच दिलात. तुमच्या घरी त्या रात्री काय शिजलं असेल हा विचार मला आमटी वाढताना येत होता. सासूबाईंनी मीठ चोळचोळून त्याचा बुळबुळीतपणा काढला आणि आमटी केली, पोरगं दोन वेळा भात घेऊन जेवलं, आणि हेही खूप दिवसांनी.

अजून एक गोष्ट, जी मला वाटतं सगळ्यांनी ऐकावी. पलीकडच्या काठाला एकाच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, मोठा शिंगाळा आला होता आणि तुम्ही लांबूनच त्याचं फुगलेलं तोंड बघून उठलात. तोंडात अंडी होती, पिवळट, गोटीएवढी मोठी. तुम्ही पोराला दाखवलीत आणि म्हणालात, "हो बापूस आसा. पोरां तोंडात घेवन फिरता, तवसर काय्येक खाणा नाय." म्हणून असा नर गरीला सहसा लागत नाही, पण जाळं काही विचारत नाही. त्या माणसाला तुम्ही भांडला नाहीत, नुसतं सांगितलंत, आणि त्याने तो पाण्यात धरून सोडून दिला. मी घरी येऊन वाचलं तर १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या मोठ्या जाळ्यांत अंडी तोंडात धरलेले असे नर प्रचंड प्रमाणात मारले गेले आणि त्यावर केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा इशारे दिले होते. तुम्ही हे कुठे वाचलेलं नाहीत. पोराने आता नियमच करून टाकलाय, तोंड फुगलेला दिसला की सोडायचा.

आणि ते गरम पाण्याचं. तुम्ही सहज बोलून गेलात की काटा लागला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, आणि मला इतकं भरून आलं की मी तिथून उठले. डोंबिवलीत एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या अगदी बरोबर, ते विष प्रथिनाचं असतं, साधारण ४५ अंशांच्या पाण्याने निकामी होतं, अर्धा तास ते दीड तास ठेवायचं, पाणी भाजेल इतकं नको, आणि काटा आत मोडून राहिलाय का ते डॉक्टरांना नंतर दाखवायचंच. वाचणाऱ्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा. ज्या रात्री माझं पोरगं कळवळत होतं त्या रात्री चहाच्या टपरीवर गरम पाणी होतं.

आजकाल जो तो शिकवायचे पैसे घेतो, जागा लपवून ठेवतो, मोठा मासा फक्त फोटोला पुढे करतो. मला त्यात सगळंच वाईट वाटत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण जो माणूस स्वतःच्या बोटावर आलेला मासा दुसऱ्याच्या पोराला देतो आणि हात मागे घेतो, अशा माणसाचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे मला खरंच कळत नाहीये. अशी माणसं आपल्या गावागावात आहेत, काठावर बसलेली, आणि आपण त्यांच्या शेजारून गाडी काढून रिसॉर्टचा बोर्ड शोधत जातो. बसा कधीतरी त्यांच्याजवळ. मुलांना बसवा.

तर तात्या, मे महिन्यात येतोय. तुम्ही म्हणाला होतात तशी बारीक मानेची मजबूत गरी तिकडे मिळत नाही, तर ती इथून आणतेय, पोराने दुकानात उभं राहून एक एक वाकवून बघून घेतलीय. तंगूसपण आणतेय, ह्या वेळी नाही म्हणायचं नाही. तुमच्या गुडघ्याचं तेल सासूबाईंकडे ठेवलंय, ते तोपर्यंत लावत राहा. सुट्टी मी अमावास्या बघूनच टाकलीय. होडीवाल्याला सांगून ठेवा, आणि काकींना सांगा की जेवण त्या दिवशी आमच्याकडे.

तुमची,
मिशीवाल्या माशाच्या वेड्या पोराची आई