दादाच्या नावावरची खोली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या दोन पत्रांची उत्तरं राहिली आहेत, ती नंतर. आज लिहितोय ते आपल्या काळ्या ट्रंकेपायी.

तू आपल्या हस्तलिखित अंकांपैकी सहावा मागितलास, तो त्या ट्रंकेत, म्हणून स्टोरेजवर, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने घेतलेल्या खोलीवर, गेलो. बघतो तर शटरवर आमच्या कुलपाशेजारी त्यांचं दुसरं कुलूप. काउंटरवरच्या मुलीला किल्ली दाखवली. अर्धं भाडं मी भरतो हेही सांगितलं. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, या खोलीवर तुमचं नाव नाहीये." किती थकलंय तेसुद्धा सांगेना. खातं दादाचं, म्हणून माहिती फक्त दादाला. तिला तरी काय बोलणार? किल्ली दाखवेल त्याला सामान देत सुटली असती, तर आपली ट्रंक केव्हाच कुणीतरी उचलली असती.

झालं असं की मी माझा वाटा नेमाने दादाला देत होतो आणि तो पुढे पोचत नव्हता. धंदा बसलाय त्याचा. वहिनीलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. तीन दिवस माझा फोन उचलला नाही, चौथ्या दिवशी स्वतःच आला, थकबाकी भरली, कुलूप निघालं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तुला त्याचं ते गप्प बसणं माहीत आहे. बाबांच्या वेळीही असाच होता.

मग मी त्याच्याकडून करार मागून घेतला आणि पहिल्यांदा सगळा वाचला. मित्रा, झोप उडाली. भाडं थकलं की आधी प्रवेश बंद, मग नोटीस, आणि ठरलेली मुदत टळली की आतलं सामान विकून वसुली. नोटीस जाणार करारावरच्या पत्त्यावर, म्हणजे दादाच्या. आतलं काय कुणाचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांच्या लेखी सगळं दादाचंच. विमाही त्याच्या नावाने, त्याने लिहून दिलेल्या यादीपुरता. त्या यादीत बाबांचं टेबल नाही, ट्रंक नाही. म्हणजे उद्या पाणी शिरलं असतं किंवा लिलाव झाला असता, तर मी कोण होतो? पैसे देणारा एक भाऊ. भावाभावांत लिहून काय घ्यायचं, असं आईही म्हणते. मला ते पटत नाही. लिहून ठेवलं असतं तर दादाला माझ्यापासून तोंड लपवावं लागलं नसतं.

आपण दोघं एका खोलीत राहायचो तेव्हा तू मधे खडूने रेघ मारली होतीस ना, त्यावरून आपण महिनाभर अबोला धरला होता. आज त्या रेघेचं मोल कळतं. पंखा मात्र तू मुद्दाम तुझ्या बाजूला घेतला होतास, हे माझं म्हणणं अजून कायम आहे!

आता आतलं सांगतो. दादाने दुकानाचा माल दाराशी छतापर्यंत रचलाय. मधे चालायला वाट नाही, त्यामुळे मागचं काही काढायचं तर निम्मी खोली बाहेर. जागा तीन चतुर्थांश त्याची, भाडं निम्मं-निम्मं. तेही चाललं असतं. पण आपली ट्रंक पार मागे, बाहेरच्या भिंतीला चिकटून, थेट फरशीवर. खाली लाकडी फळ्या हव्या होत्या, भिंतीपासून वीतभर तरी अंतर हवं होतं. अशा बंद जागेत हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि गार भिंतीजवळची हवा तर आणखी दमट. बाबांचं टेबल त्याने प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं होतं. मायेनेच, धूळ बसू नये म्हणून. पण आतली ओल आतच कोंडली आणि एका कडेचा पॉलिश पांढरा पडलाय. सुती चादर टाकली असती तरी पुरलं असतं.

ट्रंक उघडताना माझे हात थरथरत होते. वरचे अंक शाबूत आहेत. तळाच्या दोघांना ओल लागली आहे आणि कडा कसरीने खाल्ल्या आहेत. सहावा त्या दोघांतलाच. पानं एकमेकांना चिकटली आहेत. ओढून सोडवली नाहीत, फाटतील. सुटी झाली त्यांच्यामध्ये टीपकागद घालून सावलीत, हवेशीर ठेवली आहेत. नाकाला फडकं बांधून बुरशी मऊ ब्रशने घराबाहेर झटकतोय. तुझं संपादकीय वाचता येतं. निळ्या शाईतलं मुखपृष्ठ मात्र बरंच पसरलंय. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने म्हटलं असतं, जुने कागदच ना?

ट्रंक आता माझ्या पलंगाखाली आहे, ती परत तिकडे जाणार नाही. प्रश्न टेबलाचा आणि दादाचा आहे. वेगळी छोटी खोली माझ्या नावाने घेतली, तर टेबल सुरक्षित राहील. पण निम्मं भाडं बंद झालं की दादाला आत्ताची खोली झेपणार नाही, आणि त्याचा माल रस्त्यावर येईल. राहिलो, तर मला करारावर दोघांची नावं हवीत, भाडं मी परस्पर भरणार, दोघांच्या सामानाची फोटोंसकट यादी हवी आणि मधे चालायला वाट. यातलं एकेक वाक्य त्याला "तुझ्यावर विश्वास नाही" असंच ऐकू येणार. वहिनी म्हणते, थांबा थोडं. थांबायचं कशासाठी? पुढच्या नोटिशीसाठी?

तो तुझं ऐकतो. लहानपणापासून माझ्यापेक्षा तुझंच जास्त ऐकत आलाय, आणि त्याचा मला रागही यायचा. तू त्याला फोन करशील? पैशांचा विषय काढू नकोस. फक्त एवढंच म्हण की करारावर दुसरं नाव घालून घे, उद्या तू आजारी पडलास तर शटर कोण उघडणार? हे त्याला पटेल.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. लेकीच्या परीक्षा झाल्या का? नव्या घराचं सविस्तर लिही.

मी रविवारी दादाकडे जाणार आहे. फोन त्याआधी झाला तर बरं. सहावा अंक वाळला की आधी त्याचे फोटो काढून पाठवतो. मूळ प्रत पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही, ती तू येऊन ने.

तुझाच,
मी