चाऱ्याचा तक्ता छापता, पण मेंढी तो खाते कशी?

संपादक साहेब, नमस्कार.

पाऊस लांबला की कोरडवाहू भागात मेंढ्यांना पर्यायी चारा काय द्यावा यावर लेख यायला लागतात, तुमच्या पेपरातले मी कापून ठेवतो, पण दरवेळी तोच तक्ता असतो, निवडुंग, सुबाभूळ, वेड्या बाभळीच्या शेंगा आणि समोर प्रोटीनचे टक्के. मेंढी ते खाते का, किती वेळ खाते, खाल्ल्यावर रवंथ करते का, याच्यावर एक ओळ नसते. आणि आमचं सगळं अडतं ते तिथंच.

मेंढी नव्या वस्तूला पटकन तोंड लावत नाही. हुंगते, एखादा घास घेते, मागे सरते. लोकांना वाटतं नखरे करतेय, दोन दिवस उपाशी ठेवली की आपोआप खाईल. असं कृपया कोणी करू नका, कारण उपाशी मेंढी नंतर गव्हाणीवर तुटून पडते आणि समोर धान्याचा भरडा असेल तर पोटात ॲसिड होऊन मरते सुद्धा. ती थोडं थोडं चाखते ते उगाच नाही, खाल्लेलं पोटाला मानवलं तर पुढच्या खेपेला जास्त खाते, त्रास झाला तर त्या चवीला परत शिवत नाही. अमेरिकेतल्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे फ्रेड प्रोव्हेंझा यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलंय, त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे आईच्या अंगाखाली असताना कोकरू जे चाखतं ते त्याच्या पक्कं लक्षात राहतं, मोठेपणी तोच चारा समोर आला की ते बिचकत नाही. म्हणजे दुष्काळातला चारा दुष्काळ पडल्यावर शिकवायचा नसतो, हिरवं असतानाच आई आणि कोकरू दोघांपुढं मूठ मूठ टाकायचा. हे लेखात कोणी का लिहीत नाही?

आता बिनकाट्याच्या निवडुंगाचंच घ्या. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यात जनावरं त्याच्यावर जगतात, पाल्मा म्हणतात तिकडं. त्याच्यात जवळपास ९० टक्के पाणी, त्यामुळं मेंढी पाण्यावर जातच नाही म्हटलं तरी चालेल, आणि जिथं पाणीच लांबून आणायचं तिथं ही केवढी मोठी सोय आहे. पण त्याच्यात चोथा कमी आणि प्रोटीनही कमी. नुसता निवडुंग टाकला तर मेंढी भराभर खाऊन मोकळी होते, रवंथ कमी करते आणि लेंडी पातळ होते, मग माणूस घाबरून निवडुंगच बंद करतो. चूक निवडुंगाची नसते हो, सोबत कडब्याची कुट्टी पाहिजे आणि प्रोटीनसाठी थोडी पेंड. ती कुट्टी पण बारीक करून निवडुंगात कालवून द्यायची, नाहीतर मेंढीचा वरचा ओठ मधोमध चिरलेला असतो, त्या ओठानं ती आवडीचं तेवढं नेमकं वेचून घेते आणि काड्या तशाच ठेवते. निवडुंगाच्या चिकट रसात कुट्टी कालवली की वेचणं अवघड जातं, मग दोन्ही सोबतच पोटात जातं.

खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या सॉल्टबुश या झुडपाचं बरोबर उलटं. त्याच्या पानात मीठ इतकं की मेंढी थोडं खाऊन थांबते आणि पाणी भरपूर पिते, म्हणून पाण्याची टंचाई असेल तिथं नुसता तोच चारा देऊ नये. तक्त्यात मात्र हे दोन्ही चारे शेजारी शेजारी असतात, जणू एकाच्या जागी दुसरा टाकला तरी चालतंय. सुबाभूळ पण नुसती देत राहिलं तर त्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी द्रव्यानं लोकर गळते. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड, मेंढ्या आवडीनं खातात, पण त्या दळूनच द्याव्यात, अख्ख्या दिल्या तर बी लेंडीतून रानभर जातं आणि पुढच्या वर्षी काट्यांचं रान उठतं.

अजून एक, वेळ. उन्हात मेंढ्या डोकी खाली घालून एकमेकींच्या सावलीत उभ्या असतात, खात नाहीत. भर दुपारी गव्हाण भरून ‘चारा नाकारला’ असं लिहिणाऱ्यांनी तोच चारा पहाटे आणि ऊन उतरल्यावर टाकून बघावा.

म्हणून विनंती आहे की पुढच्या वेळी कोणत्याही चाऱ्याबद्दल छापाल तेव्हा लिहिणाऱ्याला विचारा, मेंढ्यांसमोर बसून बघितलंय का. अवघड काही नाही, दर दहा मिनिटांनी एकेक मेंढी खातेय, रवंथ करतेय की नुसती उभी आहे एवढं वहीत मांडायचं, जमलं तर रात्रीही, कारण रवंथ रात्रीही चालूच असतो, आणि सकाळी गव्हाणीत उरलेलं वजन करायचं, नुसतं किती उरलं ते नाही, काय उरलं तेही. ते आकडे प्रोटीनच्या शेजारच्या रकान्यात छापा.

आपला,
एक मेंढपाळ वाचक