गेटजवळच्या कडुनिंबांवरील कावळ्यांच्या रातथाऱ्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, विजापूर रोड, सोलापूर

विषय: शेंडे उतरवण्याचा व फटाके लावण्याचा ठराव थांबवण्याबाबत

महोदय,

कावळे हाकलण्यासाठी गेटजवळच्या तिन्ही कडुनिंबांचे शेंडे उतरवायचे आणि संध्याकाळी सुतळी बॉम्ब लावायचे, असा विषय रविवारच्या बैठकीत येतो आहे. मतदानाआधी हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती.

झाडांवर आत्ता एकही घरटं नाही. हा रातथारा आहे, म्हणजे निव्वळ रात्रीचा मुक्काम. गावकावळ्यांची वीण साधारण एप्रिल ते जून; तेव्हा जोड्या आपापल्या झाडावर पांगतात आणि पावसाळा सरला की पुन्हा थव्याने झोपू लागतात. म्हणजे जास्त त्रास आहे तो मार्चअखेरपर्यंत. भर वस्तीतली झाडं त्यांना बरी वाटतात, कारण इथं घुबडाचं भय कमी आणि उजेडात आलेलं संकट दिसतं. आपल्या गेटवरचा हॅलोजन तर सरळ शेंड्यात तोंड करून आहे. आमंत्रण आपणच दिलंय म्हणा ना.

फटाक्यांनी थवा दोन-तीन दिवस उठतो, मग त्याला आवाजाची सवय होते. अंधार पडल्यावर उठवला तर लांब जात नाही, समोरच्या ट्रान्सफॉर्मरवर नाहीतर बाल्कनीच्या ग्रिलवर बसतो. शेंडे उतरवले तरी तेच, वर एप्रिल-मेमध्ये गाड्यांना सावली नाही. शिवाय 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलं जातं. महापालिकेच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावली तर संस्था अडचणीत येईल. पार्किंगवर आडव्या आलेल्या खालच्या फांद्या तेवढ्या काढण्यासाठी उद्यान विभागाकडे अर्ज करावा. छाटणी एका झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त नको.

खरा प्रश्न शिटेचा, म्हणजे कावळ्यांच्या विष्ठेचा आहे, आणि तो खडूने सुटतो. झाडलोट होण्याआधी, सकाळी सात वाजता, फरशीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या कडेने खडूची रेघ मारायची. असं तीन दिवस. कावळे रोज जवळपास त्याच फांद्यांवर बसतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पट्टा स्पष्ट दिसतो. त्या पट्ट्यातल्या गाड्या मार्चअखेरपर्यंत मागच्या कंपाउंडला लावाव्यात. कुणी हिरवी शेडनेट बांधायचं सुचवेल, पण पातळ शीट जाळीतून गळते आणि जाड वर साचून वास मारते. झाकायचंच असेल तर उताराचा पत्रा हवा.

सध्या मावशी कोरड्या झाडूने झाडतात, ते आजच बंद करावं. सुकलेल्या शिटेची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात. आधी पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग ओल्यावरच खराट्याने घासायचं. 20 लिटरच्या बादलीला मूठभर साबण पावडर पुरते. महापालिकेचं पाणी आपल्याकडे आधीच तुटपुंजं, तेव्हा हे काम बोअरच्याच पाण्याने. मावशींना मास्क, रबरी हातमोजे आणि गमबूट संस्थेने द्यावेत. त्यांच्या पगारातून नव्हे.

टॉयलेटचं ॲसिड मात्र अजिबात नको. आपली फरशी शहाबादी, म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, तो दगडच विरघळत असतो. पॉलिश जाऊन खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्यातच रुतते. त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो, त्याने माणूस गुदमरतो. गाडीवरचा डाग ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून उचलून घ्यावा. घासला तर शिटेतली खर रंगावर ओरखडे काढते.

गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं पाहावीत. आमच्या विंगच्या एका टाकीचं झाकण तडकलेलं आहे. ओल्या कचऱ्याचे डबे रात्री उघडे राहू नयेत, ते सकाळी घंटागाडीच्या वेळेलाच बाहेर काढावेत.

मार्च 2025 मध्ये सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात कावळे मेले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. म्हणून झाडाखाली कावळा मेलेला दिसला तर हात लावू नये, मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवावं, वर टोपली उपडी घालावी आणि महापालिकेला व पशुसंवर्धन विभागाला फोन करावा. एकापेक्षा जास्त मेले असतील तर त्याच दिवशी. संक्रांतीत मांज्यात अडकलेला कावळा वेगळा. तो जिवंत असेल तर अग्निशमन दलाला बोलवावं.

बैठकीत हॅलोजनचा विषय पहिला घ्यावा. त्याचं तोंड खाली, रस्त्याकडे फिरवायचं आहे, तेही दिवसाउजेडी; डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि त्याआधी अर्धा तास थवा जमू लागतो. दोन नट सैल करायचे, एवढंच काम आहे. शिडी बी विंगच्या जिन्याखाली आहे.

आपले,
बी विंगमधील रहिवासी