बाई, तुम्ही वहीत तिचं नाव लिहिलंत

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. लेकीचा बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला. समोर आले की मला बोलायला सुधरत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्याकडं येण्याआधी सोयाबीन विकून तालुक्याला एका क्लासची फी एकरकमी भरली होती. हातात काय आलं, तर झेरॉक्सचा गठ्ठा. अलंकाराचं नाव, खाली व्याख्या, पाठ करा. 'ऑनोमॅटोपिया', म्हणजे आवाजावरून झालेल्या शब्दाचा अलंकार, हे नाव म्हणताना लेकरू अडखळलं तर सर हसले, त्यांच्यामागं अख्खा वर्ग हसला. त्यानंतर तिनं तिथं तोंड उघडलं नाही. मी विचारायला गेले तर बसासुद्धा कुणी म्हणालं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पुस्तक बाजूला ठेवलंत आणि तिला पैठणच्या नाथांचं विंचवाचं भारूड म्हणायला लावलंत. काम-क्रोध विंचवासारखे म्हटलं असतं तर सिमिली, म्हणजे उपमा झाली असती, नाथ सरळ विंचूच म्हणतात म्हणून मेटाफर, म्हणजे रूपक! कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं, तिला लगेच उमगलं. फोन आणि फिश यांची पहिली अक्षरं वेगळी, पण आवाज एकच, म्हणून तिथंही अलिटरेशन, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येणं, होतं. 'स्लीपलेस नाइट'मध्ये झोप उडते माणसाची आणि शब्द लागतो रात्रीला, तो ट्रान्सफर्ड एपिथेट. ओसरीत बसून ऐकता ऐकता हे मलासुद्धा कळलं. नवे शब्द तुम्ही रोज थोडेच द्यायचात, जुने मात्र फिरवून फिरवून विचारायचात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पर्सॉनिफिकेशनचं, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं मानण्याचं, उदाहरण तुम्ही तिलाच विचारलंत. ती घाबरत मराठीतच म्हणाली, "आमच्या विहिरीला एप्रिलातच तहान लागते." तुम्ही थांबलात. तिची वही ओढून घेतलीत आणि तेच वाक्य इंग्रजीत, तुमच्या निळ्या पेनानं, सावकाश लिहिलंत. खाली एक आडवी रेघ मारून तिचं नाव घातलंत, कवितेखाली कवीचं असतं तसं. वर पुस्तकातल्या कवींच्या ओळी होत्या, त्यांच्याच रांगेत माझ्या लेकीची ओळ. त्या रात्री तिनं ते पान आजीला दाखवलं, चुलत्याला दाखवलं, शेजारच्या काकूंनाही दाखवलं.

शिकवणारे खूप असतात बाई, पण समोरच्याला कमी न लेखणारं माणूस फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तुम्ही फीचा विषय निघू दिला नाहीत. आणलेली तूरडाळ तेवढी ठेवून घेतलीत, तीही मला वाईट वाटू नये म्हणून, हे कळत होतं मला.

निकाल अजून लागायचाय. तो लागायच्या आधीच हे पाठवतेय, कारण हे आभार मार्कांचे नाहीत. लेकरू आता घरात मोठ्यानं इंग्रजी वाचतं, अडखळलं तरी पुढं वाचत राहतं. त्याचे आहेत.

तुमची,
एका विद्यार्थिनीची आई